शेगडी हलवायची, तर टाइल्सच्या आधी वायर

स्वयंपाकघर नव्यानं करायला घेतलं की बोलणं ओट्याच्या दगडापासून सुरू होतं, मग कपाटं, मग टाइल्सचा रंग. विजेची शेगडी या भिंतीवरून त्या भिंतीवर जाणार, हे नकाशात एका रेघेनं ठरून जातं. तिची वायर कुणाच्या डोक्यात नसते. गवंडी टाइल्स लावून मोकळा होतो, सुतार कपाटं बसवतो आणि शेगडी जोडायच्या दिवशी लक्षात येतं की जुना पॉइंट तीन मीटर लांब, एका बंद कपाटाच्या मागे राहिला आहे. मग ठरलेलं वाक्य ऐकू येतं: "जुन्याच वायरला जोड देऊन पुढे नेतो, काही होत नाही."

होतं. एका घरी मला बोलावलं होतं ते शेगडी चालू असताना येणाऱ्या जळकट वासासाठी. एमसीबी (प्रवाह फार वाढला की वीज आपोआप तोडणारा खटका) कधीच पडला नव्हता, शेगडीतही दोष नव्हता. शेवटी ओट्यामागच्या दोन टाइल्स काढल्या. आत प्लास्टरमध्ये, कुठल्याही बॉक्सशिवाय, वायरी एकमेकींना पिळून वर टेप गुंडाळलेली होती. टेपचा कोळसा झाला होता आणि जोडाच्या दोन्ही बाजूंना वीतभर इन्सुलेशन कडक होऊन तडकलं होतं. आपल्या भिंतीत असा जोड आहे हे घरच्यांना ठाऊकच नव्हतं. आधीच्या नूतनीकरणात कुणीतरी तो दिला आणि झाकून टाकला होता.

एमसीबी का पडला नाही, हे कळलं की पुढचं बरंचसं आपोआप कळतं. प्रवाह किती वाहतोय, एवढंच एमसीबी पाहतो. सैल जोडामुळे प्रवाह वाढत नाही, उलट किंचित कमी होतो. उष्णता मात्र त्या एकाच जागी तयार होत राहते, आणि ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. जोडाचा रोध फक्त ०.१ ओहम धरा. त्यातून ३२ अँपिअर गेले तर ३२ × ३२ × ०.१, म्हणजे जवळपास १०२ वॉट उष्णता बोटाएवढ्या जागेत निर्माण होते. शंभरचा जुना बल्ब किती तापायचा ते आठवा, आणि तो प्लास्टरमध्ये पुरला आहे अशी कल्पना करा. मोबाइलच्या चार्जरला हाच जोड वर्षानुवर्षं पुरेल. शेगडी घरातल्या सर्वांत जास्त प्रवाह ओढणाऱ्या वस्तूंपैकी एक आहे आणि ती तो बराच वेळ ओढते. म्हणून तिच्या लाइनला वेगळी वागणूक द्यावी लागते.

तुमचं काम कोणतं, इलेक्ट्रिशियनचं कोणतं

तुम्ही स्वतः वायर जोडावी म्हणून हे लिहीत नाही. शेगडीची लाइन हलवणं हे बहुतेक ठिकाणी परवानाधारक माणसाचं काम आहे, आणि अनेक देशांत त्याची आधी नोंद करावी लागते किंवा भिंत बंद होण्याआधी तपासणी करून घ्यावी लागते. घर भाड्याचं किंवा इमारत सामायिक असेल तर मालकाची किंवा व्यवस्थापनाची परवानगीही लागते. ही चौकशी तोडफोड सुरू होण्याआधी करा. टाइल्स लागल्यावर तपासणीस आला आणि त्यानं "उघडून दाखवा" म्हटलं, तर उघडावंच लागतं.

तरी तुमच्या वाट्याला बरंच काही उरतं: शेगडीची माहिती गोळा करणं, पॉइंट नेमका कुठे यायचा ते ठरवणं, गवंडी आणि इलेक्ट्रिशियन यांची वेळ जुळवणं, झाकण्याआधी प्रत्येक गोष्ट डोळ्यांनी पाहणं. चांगला इलेक्ट्रिशियन प्रश्न विचारणाऱ्या मालकावर चिडत नाही, आणि चिडणाऱ्याकडून हे काम करून घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पहिली पायरी: नेमप्लेट वाचा

शेगडी कुठलीही असो, तिच्यावर एक छोटी पट्टी असते. उभ्या शेगडीत ती ओव्हनच्या दाराच्या चौकटीवर किंवा खालच्या खणाच्या आत सापडते, आणि ओट्यात बसवायच्या शेगडीत खालच्या अंगाला. ओट्यात बसवल्यावर ती पट्टी दिसत नाही, म्हणून खोक्यातून काढताक्षणी फोटो घेऊन ठेवा. त्यावर व्होल्टेज आणि एकूण किलोवॉट लिहिलेले असतात. वॉटला व्होल्टनं भागलं की अँपिअर मिळतात. ७.२ किलोवॉटची शेगडी २३० व्होल्टवर सुमारे ३१ अँपिअर ओढेल. नुसता ३ किलोवॉटचा ओव्हन ओढेल १३. या दोन आकड्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्याला स्वतःची जाड लाइन हवी, दुसऱ्याचं काम पुष्कळदा योग्य क्षमतेच्या सॉकेटवर भागतं.

सगळ्याच घरांत वीज एकसारखी येत नाही, हेही लक्षात असू द्या. जगात पुष्कळ ठिकाणी घराला एक फेज आणि न्यूट्रल, सुमारे २३० व्होल्ट मिळतात. युरोपातल्या अनेक देशांत घरात तीन फेज येतात आणि मोठी शेगडी त्यातल्या दोन फेजवर वाटून जोडतात. उत्तर अमेरिकेत शेगडीला दोन गरम, म्हणजे जिवंत, तारांमधले २४० व्होल्ट मिळतात आणि दिवा, घड्याळ, कंट्रोल यांना एक गरम तार आणि न्यूट्रल यांच्यातले १२०. तिथल्या जुन्या घरांत शेगडीच्या लाइनला तीनच तारा असत; न्यूट्रल आणि शेगडीचा पत्रा एकमेकांना जोडलेले असत. १९९६ च्या नियमावलीपासून नव्या लाइनला न्यूट्रल आणि अर्थ वेगळे, म्हणजे चार तारा, लागतात. त्यामुळे तिथे शेगडीसाठी नवी लाइन टाकली तर शेगडीच्या मागची न्यूट्रल आणि पत्रा जोडणारी पट्टी काढावी लागते. ती तशीच राहिली तर न्यूट्रलचा प्रवाह शेगडीच्या पत्र्यातून आणि अर्थच्या तारेतूनही वाहू लागतो. एवढ्याशा पट्टीसाठी वाक्यं खर्च केली, कारण ती विसरली जाते.

दुसरी पायरी: जुनी लाइन ओळखा

डीबीतला, म्हणजे घरातले सगळे एमसीबी असतात त्या पेटीतला, कुठला एमसीबी शेगडीचा, ते शोधा. तो बंद करा आणि घरभर फिरून पाहा, आणखी काय बंद पडलं? फ्रिज किंवा एखादा सॉकेटही बंद पडला तर शेगडीची लाइन स्वतंत्र नाही, आणि ती आहे तशी पुढे न्यायचा विचार इथेच सोडून द्या.

मग वायर पाहायची. हे इलेक्ट्रिशियनसोबत, लाइन बंद करून. वायरच्या अंगावर तिची जाडी छापलेली असते, तो आकडा टिपून घ्या. इन्सुलेशन वाकवल्यावर तडकतं का, टोकाशी रंग काळवंडलाय का, अर्थिंगची तार खरोखर आहे का की बॉक्समध्ये नुसतीच मोकळी सोडलेली आहे, तेही बघा. तारेचा रंग चंदेरी असेल, ती हलकी आणि मऊ असेल तर ती बहुधा ॲल्युमिनियमची. ॲल्युमिनियम आणि तांबं सरळ एकत्र पिळणं हा जुन्या घरांतला मोठा धोका. ॲल्युमिनियमवर लगेच ऑक्साइडचा थर चढतो, तो वीज नीट वाहू देत नाही. स्क्रूच्या दाबाखाली ते हळूहळू सरकत पातळ होतं आणि स्क्रू आपोआप सैल पडतो. ओल मिळाली की दोन धातूंच्या सांध्यात गंजही चढतो. त्यासाठी खास जोडण्या मिळतात, पण शेगडीसाठी मी जुन्या ॲल्युमिनियमला हात लावत नाही, नवी तांब्याची लाइन टाकतो.

तिसरी पायरी: जोड की नवी लाइन?

नियमांच्या भाषेत जोडाला सरसकट बंदी नसते. योग्य क्षमतेच्या कनेक्टरनं, बंद बॉक्समध्ये, कधीही उघडून बघता येईल अशा जागी दिलेला जोड बहुतेक नियमांत बसतो. जो भिंतीत पुरलेला, टाइल्सखाली झाकलेला, कपाटाच्या पक्क्या पाठीमागे अडकलेला, तो बसत नाही.

तरीही भिंती उघड्या असताना मी जोडाच्या बाजूनं नाही. डीबीपासून शेगडीच्या पॉइंटपर्यंत एकसलग, अखंड वायर. मधे कुठेही सांधा नाही. खर्च आणि एखाद्या दिवसाचं काम वाढतं हे खरं, पण भिंत पुन्हा उघडी मिळणार नाही. शेगडी जेमतेम हातभर सरकत असेल आणि जुनी वायर निरोगी, पुरेशी जाड, स्वतंत्र असेल, तर जुन्या बॉक्सवर झाकण ठेवून तिथून पुढे नेणं ठीक. मात्र तो बॉक्स कपाट उघडल्यावर दिसला पाहिजे आणि झाकण स्क्रूनं उघडता आलं पाहिजे. याखेरीज दुसरा अपवाद मी करत नाही.

वायर किती जाड

नवखे इथे घाबरतात, पण हिशेब तितका अवघड नाही. २३० व्होल्टच्या घरांत ३२ अँपिअरच्या शेगडीला तांब्याची ६ चौरस मिलिमीटरची वायर बरीच प्रचलित आहे, ४० ते ४५ अँपिअरच्या लाइनला १० ची. उत्तर अमेरिकी मापांत ४० अँपिअरला ८ गेज आणि ५० अँपिअरला ६ गेज तांबं. तिथे गेजचा आकडा लहान तितकी वायर जाड, हे उलटं गणित ध्यानात ठेवा.

हे आकडे अंतिम मात्र धरू नका. वायर जिथून जाते तिथे तिला थंड व्हायला वाव आहे का, यावर तिची क्षमता ठरते. साध्या पीव्हीसी इन्सुलेशनला ७० अंश सेल्सिअसपर्यंतच तापमान सोसतं. वायर उष्णतारोधक कापसासारख्या भरावात सगळ्या बाजूंनी अर्धा मीटर किंवा जास्त गुंडाळली गेली तर तिची क्षमता जवळपास निम्मी धरतात. एकाच पाइपमध्ये चार लाइनी कोंबल्या तरी ती घटते. म्हणून शेगडीच्या वायरींना स्वतंत्र पाइप द्यायला सांगा, २५ मिलिमीटरचा असेल तर ओढायलाही सोपं जातं.

लांबीचाही विचार असतो, पण घराच्या अंतरांत तो फारसा छळत नाही. ६ च्या वायरनं १५ मीटरवर ३२ अँपिअर नेले तर सुमारे साडेतीन व्होल्ट गळतात, २३० च्या दीड टक्का. शेगडीला ते जाणवणारही नाही.

दोन गोष्टींत मात्र तडजोड नको. एमसीबीचा आकडा शेगडीच्या गरजेपेक्षा कमी नको आणि वायरच्या क्षमतेपेक्षा जास्त तर मुळीच नको. एमसीबी वारंवार पडतो म्हणून "मोठा टाकतो" म्हणणारा माणूस वायरचं संरक्षण काढून घेत असतो. दुसरी गोष्ट, लाइनवर ३० मिलिअँपिअरचं गळती-संरक्षण, आरसीसीबी किंवा आरसीबीओ, ठेवायला सांगा. एमसीबी वायरला वाचवतो, माणसाला वाचवणारं उपकरण हे. ओला हात, धातूचं भांडं आणि शेगडीचा पत्रा जिथे एकत्र येतात तिथे त्याची गरज सर्वांत जास्त असते.

एक शंका नेहमी येते: शेगडीवर १० किलोवॉट लिहिलंय, मग ४३ अँपिअरची लाइन हवी का? सगळ्या प्लेट आणि ओव्हन पूर्ण ताकदीनं एकाच वेळी क्वचित चालतात. तापमान गाठलं की थर्मोस्टॅट वीज तोडतो आणि जोडतो. म्हणून काही नियमावल्या सूट देतात. ब्रिटनमधल्या प्रचलित पद्धतीत पहिले १० अँपिअर पूर्ण धरतात, उरलेल्याचे ३० टक्के धरतात, आणि शेगडीच्या स्विचवर सॉकेटही असेल तर ५ अधिक. त्या हिशेबानं १० किलोवॉटची शेगडी २० अँपिअरवर येते. ही सूट घ्यायची की नाही हे तुमच्या इलेक्ट्रिशियननं शेगडीची पुस्तिका वाचून ठरवावं. नवी वायर टाकताच आहात, तर मी पूर्ण भार धरतो. उद्या मोठी शेगडी आली तर भिंत फोडावी लागत नाही.

पॉइंट कुठे द्यायचा

इथे सर्वांत जास्त चुका होतात, आणि इथेच घरच्या माणसाचं डोकं उपयोगी पडतं. इलेक्ट्रिशियनला भिंत दिसते; त्या भिंतीपुढे कोणतं कपाट, कोणता खण येणार ते तुम्हाला माहीत असतं. म्हणून सुताराचा मापांसकट नकाशा हातात आल्याशिवाय भिंतीवर खूण करू नका.

ओट्यातली शेगडी आणि तिच्या खाली ओव्हन असेल तर पॉइंट ओव्हनच्या थेट पाठीमागे देऊ नका. ओव्हनची पाठ तापते, शिवाय भिंत आणि ओव्हन यांच्यात सॉकेटला आणि प्लगला जागाच उरत नाही. ओव्हन मग दोन बोटं पुढे राहतो, आणि कामगार जोर लावून ढकलतो तेव्हा वायर मागे चेपली जाते. शेजारच्या कपाटात पॉइंट द्या आणि मधल्या फळीला भोक ठेवून वायर आणा. उभी शेगडी असेल तर बॉक्स जमिनीलगत, तिच्या मागच्या पोकळीत बसेल असा. ती पोकळी किती उंच, किती रुंद हे पुस्तिकेत चित्रासह दिलेलं असतं.

शेगडी तोडायचा स्विच, म्हणजे आयसोलेटर, ही वेगळी गोष्ट. तो कपाटात लपवू नका आणि शेगडीच्या डोक्यावरही देऊ नका. शेगडीवर काही पेटलं तर ज्वाळेवरून हात न नेता तो बंद करता आला पाहिजे. शेगडीच्या एका बाजूला, ओट्याच्या वर, दोन मीटरच्या आत. भिंतीसमोर उभं राहून हात पुढे करून बघा, डोळे मिटूनही तो सापडला पाहिजे.

पाण्यापासून लांब, हे सांगायला नको. तरी टाइल्समागे नळाचे नवे पाइप कुठून जाणार ते प्लंबरला विचारा. वायरचा पाइप नळाच्या पाइपच्या खालून नेऊ नका, गळलं तर पाणी थेट बॉक्समध्ये उतरतं. पूर्वी त्याच जागी गॅसची शेगडी असेल तर गॅसचा पाइप त्या कामाच्या माणसाकडून बंद करून घ्या, तेही वायरचं काम सुरू होण्याआधी. शेगडी सरकली की धूर ओढणारी चिमणीही सरकते, तेव्हा तिचा वेगळा पॉइंटही याच वेळी हलवा. चिमणी शेगडीपासून किती वर हवी ते दोन्हींच्या पुस्तिकांत असतं. दोन आकडे वेगळे निघाले तर मोठा धरा.

वीज बंद आहे याची खात्री

टेस्टरचा छोटा दिवा पेटला नाही म्हणजे वीज नाही, असं धरू नका. निऑनचा टेस्टर तुमच्या अंगातून जमिनीकडे जाणाऱ्या अगदी क्षीण प्रवाहावर पेटतो. कोरड्या लाकडी स्टुलावर उभे असाल, उजेड जास्त असेल किंवा टेस्टर बिघडलेला असेल, तर जिवंत तारेवरही तो दिसत नाही. दोन टोकांचा व्होल्टेज टेस्टर वापरायचा, आणि तीन वेळा: आधी जिवंत असल्याचं माहीत असलेल्या पॉइंटवर, मग बंद केलेल्या लाइनवर, मग पुन्हा जिवंत पॉइंटवर. शेवटच्या तपासणीतून कळतं की मधल्या वेळेत टेस्टर बंद पडला नव्हता. मोजायचं ते फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ असं तिन्ही. फेज एकाहून जास्त असतील तर प्रत्येक फेज आणि दोन फेजमधलं व्होल्टेजही.

एमसीबी बंद करून त्याला कुलूप लावायची छोटी पट्टी मिळते. ती नसेल तर निदान टेप आणि "माणूस काम करतोय" अशी चिठ्ठी. नूतनीकरणाच्या घरात सुतार, गवंडी, रंगारी सगळे असतात, आणि करवत चालत नाही म्हणून कुणीही डीबीपाशी जाऊन सगळे खटके वर करतो.

तारेच्या रंगावर विसंबू नका. आज पुष्कळ देशांत फेज तपकिरी, न्यूट्रल निळी आणि अर्थ हिरवी-पिवळी असते. जुन्या घरांत लाल, काळी, हिरवी सापडते. उत्तर अमेरिकेत काळी आणि लाल गरम, पांढरी न्यूट्रल. एकाच घरात दोन काळांतलं वायरिंग असेल तर काळी तार एका खोलीत न्यूट्रल आणि दुसरीत फेज असू शकते.

झिरी मारताना

झिरी, म्हणजे वायरच्या पाइपसाठी भिंतीत कोरायची खाच, उभी किंवा आडवी, तिरकी कधीच नाही. पुढे कुणी भिंतीत खिळा ठोकेल तेव्हा तो पॉइंटच्या सरळ वर, खाली किंवा बाजूला वायर असेल एवढाच अंदाज करू शकतो. तिरपी वायर त्याला कळणारच नाही. खांब आणि तुळई यांना हात लावायचा नाही. भार पेलणाऱ्या भिंतीत आडवी खोल झिरी तिला दुबळी करते. ब्रिटनच्या बांधकाम नियमांत उभी झिरी भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा आणि आडवी एक षष्ठांशापेक्षा खोल नसावी असं आहे, आणि मला तो दंडक कुठेही वापरण्याजोगा वाटतो. त्यामुळे वायर शक्यतो छतालगत किंवा जमिनीलगत नेऊन पॉइंटशी उभी उतरवा.

पाइपला काटकोनी एल्बोऐवजी मोठ्या वळणाचा बेंड. जाड वायर काटकोनातून ओढताना तिचं इन्सुलेशन खरवडतं, आणि ती जखम पुढे कुणाला दिसत नाही.

प्लास्टरच्या आधीचा दिवस

या एका दिवशी तुम्ही घरी थांबलंच पाहिजे.

पाइप बसले, वायरी ओढल्या, बॉक्स लेव्हलमध्ये आले की मापपट्टी भिंतीला टेकवून प्रत्येक भिंतीचे फोटो काढा, जमिनीपासून आणि कोपऱ्यापासून अंतर वाचता येईल असे. वर्षभरानं फळी लावताना हे फोटो काढून बघाल. मग इलेक्ट्रिशियनकडून नव्या वायरची मेगर टेस्ट करून घ्या. साधा मल्टिमीटर यासाठी पुरत नाही; मेगर ५०० व्होल्ट डीसी देऊन इन्सुलेशन तपासतो. नियम किमान १ मेगाओहम मागतो, पण नव्या निरोगी वायरचा आकडा याच्या शेकडो पट येतो. दोन-तीन मेगाओहम आले तर नियमात बसलं म्हणून समाधान मानू नका, वायर ओढताना कुठेतरी सोलली गेली असावी. आत्ता ती बदलायला अर्धा तास पुरतो. या टेस्टच्या वेळी शेगडी जोडलेली नको, इंडक्शनमधलं इलेक्ट्रॉनिक्स ५०० व्होल्टनं जळू शकतं.

बॉक्सची तोंडं कागद आणि टेपनं बंद करा, नाहीतर त्यात सिमेंट भरतं. आणि वायरची टोकं बॉक्समध्ये वीतभर जास्त सोडायला सांगा. आखूड सोडलेल्या वायरीला पुन्हा जोड द्यावा लागतो, म्हणजे जे टाळायला इतकं केलं तेच.

शेगडी जोडणं

शेगडीच्या मागे टर्मिनलची पट्टी असते आणि तिच्याजवळ चित्रं: एका फेजला असं, दोन फेजना तसं. पितळेच्या छोट्या पट्ट्या, म्हणजे लिंक, त्या चित्राप्रमाणे हलवायच्या. एका फेजच्या घरात फेजची टर्मिनलं एकमेकांना जोडलेली हवीत, दोन फेजच्या जोडणीत ती लिंक काढलेली हवी. दोन फेजच्या जोडणीत ती विसरून तशीच राहिली तर दोन फेज समोरासमोर शॉर्ट होतात. न्यूट्रल सैल राहिली तर शेगडीच्या एखाद्या भागावर २३० च्या जागी ४०० व्होल्टपर्यंत चढू शकतात. दोन फेज असतील तर एकाच दांडीनं दोन्ही तोडणारा एमसीबी लागतो.

शेगडी आणि पॉइंट यांच्यातली लवचिक वायर पुस्तिकेत सांगितलेल्या प्रकारची हवी, रबरी किंवा उष्णता सोसणारी. बारीक तारांच्या टोकांना फेरूल किंवा लग, म्हणजे तारा एकत्र धरणारं धातूचं टोपण, दाबून बसवायचा. मोकळ्या तारा स्क्रूखाली पसरतात. अर्थची तार आत बाकीच्यांपेक्षा थोडी लांब ठेवतात, म्हणजे वायर कधी ओढली गेली तर अर्थ सगळ्यात शेवटी सुटते. वायर पकडणारा क्लॅम्प आवळा, तो नसेल तर ओढीचा सगळा भार स्क्रूवर येतो. स्क्रू "घट्ट" म्हणजे किती, तेही पुस्तिकेत असतं; टॉर्कचा पेचकस असलेला माणूस मिळाला तर तुमचं नशीब चांगलं.

उभी शेगडी पुढे ओढून साफ करता येईल इतकी वायर मागे सैल ठेवा, पण ती ओव्हनच्या पाठीला टेकणार नाही अशी. उभ्या शेगडीसोबत पाठीमागची एक लोखंडी पकड येते. उघड्या दारावर वजन पडून शेगडी पुढे कलंडू नये म्हणून ती असते. जागा बदलताना जुन्या भिंतीवर राहिलेली ती पकड नव्या भिंतीवर लावायला हमखास विसरतात. घरात लहान मूल असेल तर ही पकड बसल्याशिवाय शेगडी वापरूच नका.

वीज सोडण्याआधी आणि नंतर

इलेक्ट्रिशियननं अर्थ शेगडीच्या पत्र्यापासून डीबीपर्यंत सलग आहे, फेज-न्यूट्रल उलटे नाहीत, आणि आरसीसीबी ठरलेल्या वेळेत पडतो हे यंत्रानं तपासावं. ३० मिलिअँपिअर गळतीला तो ०.३ सेकंदाच्या आत पडला पाहिजे. आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण तुम्हीही दाबून बघा. ते फक्त आतली यंत्रणा चालते एवढंच सांगतं, अर्थिंग चांगलं आहे की नाही ते सांगत नाही. आकडे कागदावर लिहून घ्या.

एक प्रसंग इथे पुष्कळांना गोंधळात टाकतो. काम महिनाभर चाललं, शेगडी दुसऱ्या खोलीत झाकून ठेवली होती, जोडली आणि ओव्हन लावताच आरसीसीबी पडला. सगळे वायरिंगला दोष देतात. ओव्हनच्या कॉइलमध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड भरलेली असते आणि ती हवेतली ओल शोषते, त्यामुळे थोडी गळती सुरू होते. ओलसर प्लास्टरच्या घरात तर हमखास. इलेक्ट्रिशियनकडून ते कॉइल मोजून घ्या. ओल असेल तर ती सुकवल्यावर दोष जातो, नसेल तर कॉइल बदलावी लागते. आरसीसीबीला वळसा घालून शेगडी चालवायची सूचना कुणी केली तर ऐकू नका.

पहिल्या दिवशी सगळ्या प्लेट आणि ओव्हन अर्धा तास एकदम चालवा. मग आयसोलेटरच्या झाकणावर, सॉकेटवर, डीबीतल्या त्या एमसीबीवर हाताची पाठ ठेवा. कोमट चालेल. हात ठेववत नसेल, गुणगुण येत असेल किंवा माशासारखा उग्र वास येत असेल, तर लगेच बंद करा आणि बोलवा; तापलेल्या प्लास्टिकचा वास पुष्कळदा तसाच येतो. आठवड्यानं हीच तपासणी पुन्हा करा.

जुन्या लाइनचं काय

नवी चालू झाली की जुनी सगळे विसरतात. ती डीबीतून सुटलेली हवी आणि पॉइंटकडेही सुटलेली हवी. पाइपमधून ओढून निघत असेल तर काढूनच टाका. निघत नसेल तर दोन्ही टोकं कनेक्टरमध्ये बंद करून, बॉक्सवर कोरं झाकण लावून, आत "बंद लाइन, दोन्हीकडे सुटलेली" अशी चिठ्ठी आणि तारीख ठेवा. तो बॉक्स प्लास्टरखाली गाडू देऊ नका.

शेवटी डीबीच्या दाराच्या आतल्या बाजूला कागद चिकटवा: कोणता एमसीबी शेगडीचा, वायर किती जाडीची, कोणत्या भिंतीतून गेली, आयसोलेटर कुठे, काम कोणत्या तारखेला झालं. भिंतींचे फोटो छापून त्याच कागदामागे ठेवा. पाच वर्षांनी दुसरा कुणी त्या भिंतीला ड्रिल लावेल तेव्हा तुमचा फोन त्याच्या हातात नसेल, डीबी मात्र समोर असेल.